पिकअपच्या हौद्यातले आणि ट्रॉलीमागचे दिवे



गळीत हंगाम आटोपला, ट्रॉल्या झाडाखाली उभ्या राहिल्या आणि खोडव्याला खतपाणी देऊन झाले की आपल्या भागातल्या पिकअप गाड्यांचे दुसरे काम सुरू होते. हंगामात जी गाडी बेण्याच्या मोळ्या, खताची पोती, पाण्याची मोटार आणि प्रसंगी दुधाचे कॅन वाहते, तीच जूनच्या सुमारास धुऊनपुसून, हौद्यावर लोखंडी कमानी आणि वर ताडपत्री टाकून दिंडीबरोबर निघते. आळंदीहून निघालेली माउलींची पालखी दिवे घाट चढून सासवड, जेजुरी, लोणंद, फलटण, माळशिरस, वेळापूर करीत वाखरीला आणि तिथून पंढरीला पोचते. रस्ता सुमारे अडीचशे किलोमीटरचा आणि दिवस अडीच-तीन आठवड्यांचे. माणसे पायी चालतात. शिधा, तंबू, भांडी, अंथरुणे गाडीत. मुक्कामाला तीच गाडी कोठीघर होते, आणि पाऊस कोसळला तर दोन-चार म्हाताऱ्या माणसांना रात्रीपुरता आसराही देते.

अशा गाडीच्या कॅबिनमध्ये टपाला एक छोटा दिवा असतो. हौद्यात काहीच नसते. मग सभासद काय करतात? वायरमनकडून बॅटरीवरून थेट दोन तारा ओढून घेतात, हौद्यात एक पट्टी लावतात, मागे एक झगझगीत दिवा बसवतात आणि काम झाले म्हणतात. पहिल्या रात्री सगळे खूष. दुसऱ्या दिवशी पहाटे गाडी सुरू होत नाही आणि धक्का मारायला माणसे गोळा करावी लागतात. हे तरी बरे, यात गेला तर वेळच जातो. परंतु हीच फ्यूज नसलेली तार पत्र्यावर घासून उघडी पडली आणि शेजारी ताडपत्री, गोधड्या व गॅसची टाकी असली, तर काय होईल ते सांगायला नको. पूर्वी हौद्यात कंदील टांगत, त्याची भीती सर्वांना ठाऊक होती. विजेच्या दिव्याला ज्वाळा नाही म्हणून माणूस निर्धास्त होतो; निर्धास्त होण्यासारखे त्यात काही नाही.

म्हणून हे काम कसे करावे, याची माहिती या लेखात देत आहोत. हीच समज उसाच्या ट्रॉलीला लागू पडते, त्यामुळे शेवटी तिचाही विचार केला आहे.

आधी हिशेब, मग दिवे

पाइपलाइन टाकताना आपण विहिरीची खोली, अंतर आणि मोटारीची ताकद पाहतो, तसेच इथे आहे. व्होल्ट म्हणजे पाण्याचा दाब, अँपिअर म्हणजे पाण्याचा प्रवाह, आणि तार म्हणजे पाइप. बॅटरी ही टाकी. तीत किती पाणी मावते ते अँपिअर-तासांत मोजतात. दिव्यावर लिहिलेल्या वॅटला व्होल्टने भागले की अँपिअर मिळतात. ३ वॅटचा एलईडी दिवा १२ व्होल्टवर पाव अँपिअर घेतो. जुना तारेचा २१ वॅटचा बल्ब पावणेदोन अँपिअर घेतो. सारख्याच उजेडाला तारेचा बल्ब एलईडीच्या पाच-सहा पट वीज खातो, त्यातली बरीचशी उष्णतेत जाते. तेव्हा नवीन काम एलईडीतच करावे, यात दुमत नसावे.

आता एका रात्रीचा हिशेब करून बघा. आत ३ वॅटचे चार दिवे संध्याकाळी तीन तास जळाले, ते झाले ३६ वॅट-तास. रात्रभर पायाखाली दिसावे म्हणून एक वॅटची बारीक दिवटी सात तास, ते ७. बाहेर स्वयंपाकासाठी २० वॅटचा दिवा संध्याकाळी दोन तास आणि पहाटे दीड तास, ते ७०. एकूण ११३ वॅट-तास. भागिले १२, म्हणजे सुमारे साडेनऊ अँपिअर-तास. गाडीत ६० अँपिअर-तासांची बॅटरी धरली तर हे तिचा सहावा हिस्साही नाही. मग पहाटे गाडी का बसते?

उत्तर खिशात आहे. एक मोबाइल पूर्ण भरायला, मधली गळती धरून, साधारण २० वॅट-तास लागतात. दिंडीत वीस जणांनी मोबाइल लावले की ४०० वॅट-तास, म्हणजे तेहतीस अँपिअर-तास! दिव्यांच्या साडेतीन पट. दोन्ही मिळून त्रेचाळीसच्या जवळ गेले, आणि साठाच्या टाकीत सतराच उरले. स्टार्टरला क्षणभर का होईना पण शेकडो अँपिअर लागतात, ते कुठून येणार? तेव्हा दिव्यांना शिव्या देऊ नयेत. मोबाइल गाडी चालू असताना कॅबिनमधून, किंवा मुक्कामाच्या गावात जिथे वीज असेल तिथे भरावेत. हा नियम दिंडीच्या प्रमुखाने पहिल्याच दिवशी सांगून टाकावा. नंतर सांगितले तर भांडणे होतात.

बॅटरीत किती उरले आहे हे पाहायला साधा मीटर पुरतो. गाडी बंद करून दोन-तीन तास झाल्यावर १२.६ ते १२.७ व्होल्ट दिसले तर बॅटरी भरलेली, १२.२ च्या आसपास म्हणजे निम्मी, आणि ११.८-११.९ म्हणजे रिकामी. १२.२ च्या खाली गाडीची बॅटरी कधी जाऊ देऊ नये.

दुसरी बॅटरी

ज्यांची गाडी वर्षातून पाच-सहा रात्रीच मुक्कामाला असते त्यांनी वरचा हिशेब सांभाळून गाडीच्या बॅटरीवरच भागवावे. ज्यांची गाडी दिंडीला, बाजाराला आणि हंगामात टोळीजवळ सारखी उभी असते, त्यांनी मात्र दुसरी बॅटरी बसवणे शहाणपणाचे. गाडी सुरू करायची बॅटरी एकदम मोठा प्रवाह देण्यासाठी पातळ प्लेटांची बनवलेली असते. ती पुन्हा पुन्हा तळापर्यंत उपसली की लवकर मरते. दिव्यांसाठी इन्व्हर्टरला वापरतात त्या जातीची ट्युब्युलर बॅटरी चांगली; मात्र ती जड असते, म्हणून गरजेपुरतीच घ्यावी. लिथियमची बॅटरी वजनाला हलकी असते व अधिक खोल उपसता येते. पण तिला तिच्या जातीचा चार्जर लागतो, गाडीच्या डायनॅमोला थेट जोडून चालत नाही.

दोन्ही बॅटऱ्या नुसत्या तारेने एकमेकींना जोडल्या तर दुसरी घेण्यात अर्थच राहिला नाही. दोन्ही सोबतच रिकाम्या होतील. मध्ये रिले हवा. गाडी चालू असताना तो दोन्ही जोडतो, बंद झाली की तोडतो. साधारण चार पायांचा रिले असतो: ८५ नंबरचा पाय निगेटिव्हला, ८६ चावी दिल्यावर वीज येते त्या तारेला, ३० गाडीच्या बॅटरीला आणि ८७ दुसऱ्या बॅटरीला. हॉर्नला वापरतात तो छोटा रिले इथे टाकू नये. रिकामी बॅटरी सुरुवातीला अधाशासारखी वीज ओढते, तेवढ्याने छोट्या रिलेचे पाय जळतात. ७० ते १०० अँपिअरचा घ्यावा, तार १६ चौरस मिलिमीटरची, आणि फ्यूज दोन्ही टोकांना. दोन्ही टोकांना का, तर दोन्हीकडे बॅटरी आहे. तार मध्ये कुठेही पत्र्याला लागली तरी दोन्हीकडून वीज धावत येणार. एकाच बाजूला फ्यूज असला तर दुसरी बाजू मोकळीच राहिली.

१ एप्रिल २०२० नंतर बीएस-६ च्या गाड्या आल्या. त्यांत इलेक्ट्रॉनिक्स पुष्कळ, आणि काहींचा डायनॅमोही संगणक सांगेल तसा कमी-जास्त वीज देतो. अशा गाडीच्या मूळ तारांना कापून जोड देऊ नयेत. हमीचा कालावधी बाकी असेल तर आधी विक्रेत्याकडे विचारून घ्यावे आणि आपले काम पूर्ण वेगळे, बॅटरीपासून स्वतंत्र तार आणून करावे.

दुसरी बॅटरी ठेवावी कुठे? शिश्याची बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन वायू सोडते. माणसे झोपतात त्या बंद हौद्यात, उशाशी पेटी करून ती ठेवू नये. चेसिसच्या बाजूला लोखंडी चौकटीत पट्ट्याने घट्ट बांधावी, वर झाकण, खाली पाणी निघायला भोके. गॅसच्या टाकीपासून तर लांबच. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला की वर न जाता हौद्याच्या तळाशी साचतो. म्हणून टाकी हौद्याच्या ज्या टोकाला असेल त्याच्या दुसऱ्या टोकाला बटणे, फ्यूज आणि रिले बसवावेत, आणि तेही उंचावर. बटण दाबताना आत ठिणगी पडते, ती दिसत नाही एवढेच.

तार आणि फ्यूज

काटकसर नेमकी इथे होते आणि ती नडते. लांब आणि बारीक पाइपातून शेवटच्या वाफ्याला पाणी कसे रडत पोचते ते आपण रोज पाहतो. तारेचेही तसेच. १ चौरस मिलिमीटर तांब्याची तार दर मीटरला सुमारे ०.०१७५ ओहम अडवणूक करते. २० मीटर तारेतून (दहा जायच्या, दहा यायच्या) ५ अँपिअर नेले तर पावणेदोन व्होल्ट वाटेतच खर्च होतात. बारातले पावणेदोन गेले तर दिव्याला काय मिळणार? तीच तार अडीच चौरस मिलिमीटरची घेतली तर पाऊण व्होल्टही जात नाही. घरातल्या २३० व्होल्टच्या कामात ही गोष्ट जाणवत नाही, म्हणून घरकामाचा वायरमन कधी कधी तिकडे लक्ष देत नाही. गाडीतल्या १२ व्होल्टमध्ये एकेक व्होल्ट मोलाचा.

पिकअपच्या आतल्या दिव्यांना दीड चौरस मिलिमीटर आणि मागच्या मोठ्या दिव्याला अडीच, हे प्रमाण धरून चालावे. तार पुष्कळ बारीक केसांची, मऊ असावी. एकाच जाड काडीची कडक तार धक्क्यांनी आतल्या आत मोडते आणि वरून दिसत नाही.

फ्यूज बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून वीतभर अंतरात. हे वाक्य वायरमनला दोनदा सांगावे. पुष्कळ ठिकाणी फ्यूज बटणापाशी टाकलेला असतो; मग बॅटरीपासून बटणापर्यंतची चार मीटर तार उघड्यावर पडली, तिचा राखणदार कोण? फ्यूज दिव्यासाठी नसतो, तारेसाठी असतो. दीडच्या तारेला १० अँपिअरचा तांबडा, अडीचच्या तारेला १५ अँपिअरचा निळा. तो उडाला तर कारण शोधावे. सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळून किंवा ३० अँपिअरचा हिरवा टाकून काम चालू केले, तर पुढच्या वेळी फ्यूजच्या जागी तार जळेल. बॅटरी लहान दिसते, पण थेट जोड झाला तर ती शेकडो अँपिअर सोडते आणि तार क्षणात लाल होते.

पत्र्याच्या भोकातून तार न्यायची तिथे रबरी ग्रोमेट घातल्याशिवाय नेऊ नये. कच्च्या रस्त्याने महिनाभर गाडी हिंदकळली की पत्र्याची कड करवतीसारखी काम करते. बाकी तार प्लास्टिकच्या नळीतून, दर फुटाला पट्टी मारून, सायलेन्सरपासून दूर न्यावी. बाहेरच्या दिव्याकडे जाणारी तार दिव्यापाशी थोडी खाली झोका देऊन मग वर न्यावी, म्हणजे पावसाचे पाणी तारेवरून ओघळत दिव्यात न शिरता झोक्याच्या तळाशी गळून पडते. आषाढातली गाडी आहे, हे विसरून चालणार नाही. सांधे नुसते पिळून चिकटपट्टी लावलेले नकोत. उन्हाने चिकटपट्टीचा डिंक वितळतो आणि सांधा उघडा पडतो. डाख देऊन वर उष्णतेने आवळणारी नळी चढवावी, किंवा पितळी लग दाबून घ्यावेत.

निगेटिव्ह तार गाडीच्या पत्र्याला जोडून एक तार वाचवण्याची पद्धत जुनी आहे. हौद्याच्या बाबतीत ती टाळावी. हौदा चेसिसवर बोल्टांनी बसवलेला असतो, बोल्टांना गंज चढतो, आणि दिवे उगीचच मंद-तेज होऊ लागतात. प्रत्येक दिव्याला परतीची तार वेगळी आणून बॅटरीला न्यावी.

आतले दिवे

हौदा आठ-नऊ फुटांचा. मधोमध एकच मोठा दिवा लावला तर तो डोळ्यांत जातो आणि माणसाची सावली नेमकी कामावर पडते. त्यापेक्षा दोन्ही बाजूंच्या कमानींना दोन-दोन लहान दिवे बरे. रंग पिवळसर घ्यावा, निळसर पांढरा नको. निळसर उजेडाला किडे जास्त येतात, आणि पावसाळ्यात पिठात पडणाऱ्या किड्यांचा त्रास दिंडीतल्या बायकांना विचारा. झोपेच्या वेळची दिवटी खाली, फाळक्याजवळ, पाय ठेवायच्या जागी उजेड पडेल अशी. झोपलेल्याच्या तोंडावर नव्हे.

मुख्य बटण जमिनीवर उभे राहून हात पोचेल असे मागच्या कोपऱ्यात बसवावे. म्हातारे माणूस अंधारात फाळका चढून आत चाचपडत बटण शोधते आणि पडते; बटण दारात असले की हा प्रश्नच मिटतो.

बाजारात मिळणाऱ्या चिकट एलईडी पट्ट्या स्वस्त आहेत, पण दोन गोष्टी पाहाव्यात. एक, त्यांचा डिंक पत्र्याच्या उन्हाने सुटतो. ॲल्युमिनियमच्या पन्हळीत बसवून स्क्रूने आवळल्या तर टिकतात. दुसरे, गाडी चालू असताना १२ व्होल्टच्या जागी १३.८ ते १४.४ व्होल्ट येतात. १२ व्होल्टवर घट्ट बेतलेली स्वस्त पट्टी तेवढ्याने तापते आणि एकेक दाणा काळा पडत जातो. ज्यावर १० ते ३० व्होल्ट असे लिहिले असेल तो दिवा गाडीसाठी. मोठ्या ट्रकमध्ये २४ व्होल्ट असतात, तिथेही तो चालतो.

ताडपत्रीला टेकलेला दिवा नसावा, मग तो एलईडी का असेना. आणि आत कंदील, मेणबत्ती, स्टोव्ह, जनित्र यांपैकी काहीही चालू ठेवून माणसांनी झोपू नये. आगीइतकाच धोका कार्बन मोनॉक्साइड या वायूचा आहे. त्याला वास नाही, आणि झोपलेला माणूस त्याने जागा होत नाही.

बाहेरचे दिवे

मागच्या कमानीला एक मोठा दिवा खाली तोंड करून बसवला की स्वयंपाक, भांडी, सामान उतरवणे सगळे त्यावर होते. पण हाच दिवा रस्त्यावर चालू राहिला तर मागून येणाऱ्याला आंधळा करतो. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मध्ये स्पष्ट आहे की गाडीने पुढच्या बाजूला तांबडा दिवा दाखवू नये आणि मागच्या बाजूला तांबड्याखेरीज दुसरा दाखवू नये. आतला दिवा, नंबरपाटीवरचा पांढरा दिवा, मागे घेतानाचा दिवा आणि पिवळे इंडिकेटर यांना तेवढी सूट. शोभेसाठी निळ्या-तांबड्या चमकणाऱ्या माळा लावून गाडी पळवणारे आपल्यातही आहेत. ती हौस मुक्कामाला मंडपात भागवावी.

विसरभोळेपणावर उपाय आहे. पाच पायांच्या रिलेला ८७ए नावाचा एक पाय असतो. चावी बंद असेल तेव्हा त्यावर वीज येते, चावी दिली की जाते. मागचा दिवा त्या पायावरून घेतला तर गाडी सुरू करताच तो आपोआप विझतो. क्लीनरला आठवण करून देण्याचे काम उरत नाही. खर्च एका रिलेचा.

मागचे इंडिकेटर एलईडीचे केले की ते भराभर लुकलुकू लागतात. त्यात बिघाड नाही. जुना फ्लॅशर २१ वॅटच्या बल्बचा प्रवाह ओळखून चालतो. प्रवाह कमी दिसला की बल्ब गेला असे समजून तो घाई करतो. एलईडीसाठीचा फ्लॅशर बदलून घ्यावा.

एक गोष्ट इथेच सांगून टाकतो. मालवाहू गाडीच्या हौद्यात, ती चालू असताना माणसे बसवणे कायद्याला धरून नाही, आणि दिवे लावले म्हणून ते सुरक्षितही होत नाही. हा सारा खटाटोप उभ्या गाडीसाठी.

उसाची ट्रॉली

आता ज्या विषयाला आपल्या कारखान्याच्या रस्त्यावर खरे महत्त्व आहे, त्याकडे वळू. रात्रीच्या वेळी उसाने भरलेली, मागे दिवा नसलेली ट्रॉली मागून येणाऱ्या दुचाकीला कशी दिसते? दुचाकीचा खालचा झोत साधारण ३०-४० मीटरच पुरतो. ताशी ६० किलोमीटर वेगाला गाडी सेकंदाला सोळा-सतरा मीटर जाते. दिसल्यापासून ब्रेकवर पाय पडेपर्यंत दीड सेकंद गेला तर २५ मीटर तिथेच संपले. पुढे थांबायला आणखी वीस-पंचवीस. बेरीज करा: पंचेचाळीस ते पन्नास मीटर हवेत आणि दिसते तीस-चाळीसवर. चालवणारा कितीही सावध असो, हा हिशेब त्याला बदलता येत नाही. तो ट्रॉलीवाल्यालाच बदलता येतो. आणि दुचाकीवर बसलेला बहुधा आपल्याच पंचक्रोशीतला, दुधाला किंवा कामाच्या पाळीला निघालेला असतो.

ट्रॉलीला दिवे नसतात असे नाही. हंगामाच्या आरंभी असतात. पहिल्या पंधरवड्यात फुटतात. उसाची मोळी टाकताना फुटतात, शेतातून बाहेर काढताना बांधाला लागून फुटतात, आणि जे वाचतात ते मागे लोंबणाऱ्या वाढ्यांखाली झाकले जातात. यावर सोपी तोड म्हणजे सुटी दिवापाटी. चार-पाच फूट लांबीच्या फळीवर किंवा लोखंडी पट्टीवर दोन्ही टोकांना मागचे दिवे, ब्रेकचे दिवे, इंडिकेटर आणि तांबडे रिफ्लेक्टर बसवावेत. भरणी होईपर्यंत पाटी ट्रॅक्टरवर ठेवावी. ट्रॉली भरली, दोर आवळले की मग मागच्या दोराला किंवा हुकाला, उसाच्या बाहेर येईल अशी अडकवावी आणि तार जोडावी. खाली करण्याआधी काढून घ्यावी. दोन मिनिटांचे काम आहे आणि एक पाटी अनेक हंगाम चालते.

ट्रॅक्टरमागच्या सात पायांच्या सॉकेटमध्ये प्रमाण जोडणी अशी: १ डावा इंडिकेटर, ३ निगेटिव्ह, ४ उजवा इंडिकेटर, ५ उजवा मागचा दिवा, ६ ब्रेक, ७ डावा मागचा दिवा. २ नंबर जादाचा. सगळ्यांनी हीच जोडणी ठेवली तर कुणाचाही ट्रॅक्टर कुणाच्याही ट्रॉलीला लावता येईल. आज पुष्कळदा दर ट्रॉलीची तऱ्हा वेगळी, आणि डावा दाबला की उजवा लागतो.

ब्रेक दाबल्यावर इंडिकेटरही मंद पेटतो, किंवा मागचा दिवा विझतो, अशी तक्रार नेहमीची. त्यात दहापैकी नऊ वेळा ३ नंबरची निगेटिव्ह तार सैल किंवा गंजलेली असते. परतीची वाट बंद झाली की वीज शेजारच्या बल्बातून उलटी वाट शोधते. नवे बल्ब आणून उपयोग नाही. तो पाय घासून साफ करावा. ट्रॉलीच्या हुकातून निगेटिव्ह मिळते असे मानू नये. हुकाला ग्रीस, धूळ आणि गंज असतो.

दोन ट्रॉल्या जोडलेल्या असतील तर मागच्या ट्रॉलीचे दिवे सगळ्यांत मोलाचे, आणि नेमके तेच सगळ्यांत मंद असतात. ट्रॅक्टरपासून अंतर १८ मीटर धरा, जाऊन-येऊन ३६. ब्रेकचे २१ वॅटचे दोन बल्ब साडेतीन अँपिअर घेतात. १ चौरस मिलिमीटरच्या तारेत सव्वादोन व्होल्ट वाटेतच जातात. तारेच्या बल्बचा उजेड व्होल्टच्या प्रमाणात कमी होत नाही, त्याहून फार वेगाने कमी होतो. सव्वादोन व्होल्ट गेले की उजेड निम्म्यावर येतो. तार अडीचची करावी किंवा मागच्या पाटीवर एलईडी लावावेत. दोन्ही केले तर उत्तमच.

ट्रॅक्टर बंद पडला, तार तुटली, तरीही चालणारी वस्तू म्हणजे परावर्तक पट्टी. पुढे पांढरी, बाजूला पिवळी, मागे तांबडी. साध्या चमकत्या रंगीत कागदाला भुलू नये. दिवसा तो झकास दिसतो आणि रात्री काहीच परत पाठवत नाही. विकत घेताना दुकानाच्या अंधाऱ्या कोपऱ्यात धरून, डोळ्याशेजारी बॅटरी धरून तिच्यावर उजेड टाकून पाहावा. चिकटवण्यापूर्वी पत्रा घासून, पुसून, कोरडा करावा. पुढे दर खेपेला फडके मारावे, कारण हंगामातल्या धुळीने चार दिवसांत ती मातीच्या रंगाची होते. बैलगाडीवाल्या सभासदांनीही मागच्या फळीला आणि दोन्ही चाकांच्या बाजूला ती लावावी. पूर्वी गाडीच्या आसाखाली कंदील लोंबत असे. तो गेला आणि त्याच्या जागी काही आले नाही.

ट्रॉली रस्त्यात बसली, टायर फुटले, तर मागे दगड मांडून झाडाची फांदी टाकायची आपली रीत. गाडी दुरुस्त होऊन निघून जाते, दगड तिथेच राहतात आणि रात्री दुचाकीस्वाराचे पुढचे चाक त्यावर चढते. तांबडा परावर्तक त्रिकोण ट्रॅक्टरच्या पेटीत ठेवावा, ५० मीटर मागे उभा करावा आणि जाताना उचलावा. दगड मांडलेच असतील तर ते ज्याने मांडले त्यानेच बाजूला करावेत.

बीड जिल्ह्यातून येणाऱ्या टोळ्यांची कुटुंबे कोप्यांत राहतात आणि अंधारातच फडात जायला निघतात. ट्रॉली कोप्यांजवळ उभी असते तेव्हा ट्रॅक्टरच्या बॅटरीवर, वर सांगितल्याप्रमाणे फ्यूज घालून, ३ वॅटचा एक दिवा वाटेवर टांगला तर तो रात्रीचे दहा तास जळून अडीच अँपिअर-तास घेईल. बॅटरीला ते जाणवणारही नाही. पाचटात आणि वाटेवर पायाखाली काय आहे ते पोरांना दिसेल, आणि पाचटाच्या कोपीजवळ चिमणी पेटती ठेवण्याची गरज कमी होईल. ही गोष्ट मुकादमावर न सोडता ट्रॅक्टरमालक सभासदाने स्वतः करून द्यावी, असे आम्हांस वाटते.

काम पुरे झाल्यावर वायरमनला पैसे देण्यापूर्वी रात्री सगळे दिवे लावून गाडीभोवती एक फेरी मारावी, पादचाऱ्यासारखी. मग सगळे दिवे बंद करून, चावी काढून, बॅटरीची निगेटिव्ह तार सोडून तिच्या आणि बॅटरीच्या मध्ये मीटर लावावा. ५० मिलिअँपिअरपेक्षा जास्त वीज जात असेल तर कुठेतरी गळती आहे. एकेक फ्यूज काढून पाहिला की कोणती तार ते कळते. फ्यूजपेटीच्या झाकणाला आतून एक कागद चिकटवावा: कोणता फ्यूज कोणत्या दिव्याचा, कोणत्या रंगाची तार कुठे जाते. सोबत एका डब्यात १० आणि १५ अँपिअरचे चार-चार फ्यूज, एक बल्ब, चिकटपट्टी, थोडी तार आणि होल्डरला दोन तारा जोडलेला तपासणीचा दिवा. डबा चालकाच्या सीटखाली राहू द्यावा, घरी नको.